टेस्ट सूट आधी एका मशीनवर धड चालवा, मग चार मशीनवर

टेस्ट सूटला, म्हणजे प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टच्या संचाला, ४० मिनिटं लागायला लागली की टीममधलं कुणीतरी म्हणतंच, मशीन वाढवूया ना. मीपण म्हटलेलं. तीन मशीन रिकामी पडलेली, माझं धरून चार, मनात सरळ भागाकार केला, ४० भागिले ४, दहा मिनिटांत काम तमाम. प्रत्यक्षात लागली २६ मिनिटं, आणि ज्या टेस्ट माझ्याकडे रोज हिरव्या, म्हणजे पास, असायच्या त्यातल्या साठेक लाल, म्हणजे फेल. पुढचे दोन दिवस मी नेटवर्कला नावं ठेवत बसले, केबल बदलून बघितली, स्विच बदलून बघितला, नाचता येईना अंगण वाकडं. नेटवर्क बिचारं ठीक होतं, माझ्याच टेस्ट एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या, वेगळ्या केल्या तशा धडाधड पडल्या.

त्यामुळे यातला जवळजवळ अर्धा भाग एकाच मशीनबद्दल आहे, तो सोडून थेट खाली जाऊ नका. उदाहरणं बहुतेक पायटेस्टची (पायथनमधल्या टेस्ट चालवणारं टूल) आहेत कारण माझा हात त्यावर बसलाय, पण जेस्ट (जावास्क्रिप्ट), गो, जेयुनिट (जावा), कशातही असाल तरी दुखणी तीच. कमांड मी तोंडाने म्हणते तशा लिहिल्यात, टाईप करताना नेहमीसारख्या करा.

वेळ जातो कुठे ते आधी बघा

पायटेस्टला डॅश डॅश ड्युरेशन्स इक्वल टू २० द्या, सगळ्यात हळू वीस गोष्टी शेवटी छापून येतात, आणि सेटअप (तयारी), कॉल (प्रत्यक्ष टेस्ट), टिअरडाउन (आवराआवर) वेगवेगळे दिसतात. हे वेगळं दिसणं महत्त्वाचं, कारण बऱ्याचदा टेस्ट स्वतः पाव सेकंदाची असते आणि तिच्या सेटअपला सहा सेकंद लागतात. माझ्याकडे तेच निघालं, एक फिक्श्चर, म्हणजे टेस्टची तयारी करणारं फंक्शन, प्रत्येक टेस्टआधी डेटाबेसचं सगळं मायग्रेशन (टेबलं उभी करणं) नव्याने चालवत होतं. दुसऱ्या एका ठिकाणी कुणीतरी स्लीप ३० टाकून ठेवलेलं, सर्व्हर उठेपर्यंत थांबायला, सर्व्हर उठायचा दोन सेकंदात. तिसरी टेस्ट बाहेरच्या एका पत्त्यावर जायला बघायची, तो पत्ता कधीच बंद झालेला, ती टाइमआउट होईपर्यंत गप्प बसून राहायची आणि तरी पास व्हायची, कारण एरर गिळून टाकणारा ट्राय एक्सेप्ट होता. या तीन गोष्टी काढल्या आणि ४० ची २४ झाली, एकही मशीन न वाढवता.

रोजच्या कामात पूर्ण सूट चालवायचाच नसतो. डॅश एक्स दिलं की पहिल्या फेलला थांबतं, डॅश डॅश एलएफ दिलं की मागच्या वेळी पडलेल्याच चालतात, डॅश के देऊन नावाचा तुकडा दिला की तेवढ्याच. एलएफ आणि एक्स एकत्र द्या, एक दुरुस्त करा, परत चालवा, पुढची पडेल. गो वापरत असाल तर निकालापुढे कॅश्ड असं लिहून येतंय का ते बघा, म्हणजे ती टेस्ट चाललेलीच नाही, जुना निकाल दाखवलाय, खरंच चालवायची असेल तर डॅश काउंट इक्वल टू १.

आणि एक परीक्षा जी कुणी करत नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये रेपो (गिटमधला कोड) नव्याने क्लोन करा, नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजांची वेगळी जागा) बनवा, रीडमी वाचून जे लिहिलंय तेवढंच करा आणि टेस्ट चालवा. तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये कमिट न केलेली एन्व्ह फाईल (सेटिंग्जची) असते, सहा महिन्यांपूर्वी हाताने टाकलेलं पॅकेज असतं, कुठल्यातरी जुन्या रनने मागे ठेवलेली डेटा फाईल असते आणि टेस्ट गुपचूप त्यावर जगत असतात. दुसऱ्या मशीनवर जे फुटणार त्यातलं निम्मं इथेच फुटतं, आणि इथे फुटलेलं सापडायला सोपं.

क्रम विस्कटा

टेस्ट फाईलमध्ये लिहिल्या त्याच क्रमाने कायम चालत असतील तर त्या एकमेकींवर अवलंबून आहेत की नाही हे कधीच कळत नाही. पायटेस्टला रँडमली नावाचं प्लगइन आहे, गोमध्ये १.१७ पासून डॅश शफल इक्वल टू ऑन आहे, जेयुनिट ५ मध्ये मेथड ऑर्डररला रँडम सांगता येतं. सगळीकडे एक सीड असतो, म्हणजे क्रम ठरवणारा आकडा, तो जपून ठेवा, तोच परत दिला की तोच क्रम परत मिळतो. सीड न ठेवता शफल करणं म्हणजे नुसता त्रास, फेल दिसला आणि गेला, आता शोधा.

फेल आला की त्यात दोघी असतात, एक पडलेली आणि एक जिने घाण केली ती. पडलेली दिसते, घाण करणारी पास झालेली असते त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शोधायची पद्धत साधी आहे, पडलेलीच्या आधी चाललेल्या टेस्टची यादी घ्या, अर्धी ठेवा, शेवटी पडलेली जोडा, चालवा. पडली तर गुन्हेगार या अर्ध्यात, नाहीतर त्या अर्ध्यात. आधी ५०० टेस्ट असतील तरी नऊ फेऱ्यांत एक नाव उरतं. आरस्पेकमध्ये बायसेक्ट म्हणून हे तयारच मिळतं, बाकीच्यांनी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहावी. (कधीकधी दोन टेस्ट मिळून घाण करतात, तेव्हा दोन्ही अर्धे पास होतात आणि डोकं फिरतं. तेव्हा यादीतून एकेक तुकडा काढत जायचं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.)

गुन्हेगार बहुतेक वेळा ठरलेले असतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं आणि परत काढलं नाही, चालू डिरेक्टरी बदलली आणि परत आलो नाही, मॉक (खऱ्याऐवजी नकली भाग) लावला तो तसाच राहिला, मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर एक कॅश डिक्शनरी आहे ती भरत गेली. पायटेस्टमध्ये मंकीपॅच फिक्श्चर वापरलं तर यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी ते स्वतःच पूर्ववत करतं, हाताने करत बसू नका.

एकाच मशीनवर अनेक वर्कर

आता एक्सडिस्ट, टेस्ट वाटून एकाच वेळी चालवणारं पायटेस्टचं प्लगइन. पायटेस्टला डॅश एन ऑटो दिलं की कोअर मोजून तेवढे वर्कर प्रोसेस उठतात. हे नेटवर्कचं छोटं रूप आहे, वेगळ्या मशीनवर जे भोगायचं त्यातलं बरंच इथे घरबसल्या भोगता येतं, म्हणून मी कुणालाही सांगते की डॅश एन ४ वर सलग आठवडाभर हिरवं राहिल्याशिवाय दुसऱ्या मशीनचं नावसुद्धा काढू नका.

पहिली मारामारी पोर्टवर होते. दोन टेस्ट दोघीही ८०८० वर सर्व्हर उठवतात, एक जिंकते. यावर लोक रँडम पोर्ट निवडतात, तेही चूक, किंवा एक सॉकेट उघडून मोकळा पोर्ट बघतात, सॉकेट बंद करतात आणि तो नंबर सर्व्हरला देतात, त्या मधल्या क्षणात दुसऱ्या वर्करने तो पोर्ट घेतलेला असू शकतो. बरोबर रस्ता म्हणजे सर्व्हरलाच पोर्ट ० द्यायचा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते, आणि मग कुठला मिळाला ते सर्व्हरकडून विचारून घ्यायचं.

दुसरी मारामारी फाईलवर, टेम्पमध्ये आउटपुट डॉट जेसन असं ठरलेलं नाव सगळ्यांनी लिहिलेलं. टेम्प पाथ फिक्श्चर प्रत्येक टेस्टला वेगळं फोल्डर देतं, ते वापरा आणि विषय संपवा. तिसरी डेटाबेसवर. एक्सडिस्ट प्रत्येक वर्करला नाव देतं, जीडब्ल्यू ०, जीडब्ल्यू १ वगैरे, ते वर्कर आयडी फिक्श्चरमधून मिळतं, डेटाबेसच्या नावाला ते शेपूट जोडायचं. पायटेस्ट जँगो वापरत असाल तर हे शेपूट आपोआप लागतं.

सेशन स्कोपचं, म्हणजे पूर्ण रनसाठी असलेलं, फिक्श्चर एकदाच चालतं हा गैरसमज इथे तुटतो. ते वर्करमागे एकदा चालतं, आठ वर्कर म्हणजे आठ वेळा. खरंच एकदाच करायचं काम असेल तर फाईल लॉक घ्या, पहिला वर्कर काम करून निकाल फाईलमध्ये लिहील, बाकीचे ती फाईल वाचतील.

एक एरर असा येतो की दोन वर्करनी वेगवेगळ्या टेस्ट गोळा केल्या. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं एक्सडिस्टच बिघडलंय. कारण वेगळंच, पॅरामेट्राइजला (एकच टेस्ट वेगवेगळ्या मूल्यांवर चालवायची सोय) लिस्टऐवजी सेट दिलेला, आणि पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो त्यामुळे सेटचा क्रमही वेगळा. सॉर्ट करून लिस्ट द्या, गेला. पॅरामीटरमध्ये आत्ताची वेळ किंवा यूयूआयडी टाकलं तरी हेच होतं.

प्रिंट दिसत नाही अशी तक्रार हमखास येते. वर्कर वापरताना डॅश एस चालत नाही, आउटपुट वेगळ्या प्रोसेसमध्ये आहे. प्रत्येक वर्करची लॉग फाईल वेगळी काढा, नावात वर्कर आयडी टाका.

किती वर्कर ठेवायचे? डोळे झाकून ऑटो नको. कंटेनरला (डॉकरसारख्या बंदिस्त जागेला) दोन सीपीयूची मर्यादा घातलेली असते आणि आत मोजताना होस्टचे सगळे कोअर दिसतात, मग दोन कोअरवर ३२ वर्कर भांडत बसतात. मेमरीही बघा, वर्करला दीड जीबी लागत असेल आणि रॅम ८ जीबी असेल तर चारच्या वर जाऊ नका, स्वॅप सुरू झालं की एका वर्करपेक्षाही हळू चालेल. २, ४, ६, ८ असं चालवून वेळ लिहून काढा, जिथे आकडा उतरायचा थांबतो तिथे थांबा. तो थांबणारच, जीन अॅमडालने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय, ४० मिनिटांतली ४ मिनिटं जर वाटताच येत नसतील तर तुम्ही कितीही मशीन लावा, ४ च्या खाली जाणार नाही.

दुसरं मशीन जोडायच्या आधी

इथे एकच गोष्ट बघायची असते, मशीन एकसारखी आहेत का. सगळे म्हणतात आहेत. मी प्रत्येक मशीनवर टेस्टआधी एक छोटी स्क्रिप्ट चालवते, ती कमिट हॅश (कोडच्या आवृत्तीची खूण), कमिट न केलेले बदल आहेत का, पायथनचं व्हर्जन, लॉक फाईलचा (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीचा) चेकसम, टाइमझोन, लोकॅल (भाषा-प्रांताची सेटिंग) आणि घड्याळ एवढं छापते, आणि मूळ मशीनशी जुळलं नाही तर टेस्ट सुरूच होत नाहीत. कटकट वाटते पण माझ्या त्या साठ लाल टेस्टमधल्या वीसेक नुसत्या टाइमझोनच्या होत्या, एक मशीन यूटीसीवर होतं, आणि तारीख काढणाऱ्या टेस्ट रात्री बारा वाजण्याच्या आसपास एक दिवस मागे पडायच्या. घड्याळासाठी सगळीकडे क्रोनी किंवा तत्सम एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं) लावा, नाहीतर मेक हे बिल्ड टूलसुद्धा क्लॉक स्क्यू म्हणून ओरडतं आणि टोकन एक्सपायरीच्या टेस्ट मनाला येईल तेव्हा पडतात.

मॅक आणि लिनक्स मिसळत असाल तर फाईलच्या नावातलं कॅपिटल स्मॉल बघा, मॅकवर डीफॉल्टला फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. इंटेल आणि आर्म मिसळत असाल तर दशांश आकड्यांची तुलना बरोबर इक्वल टू ने करू नका, शेवटचा अंक हलू शकतो, थोडी सूट ठेवून तुलना करा. कंटेनर वापरत असाल तर उत्तमच, पण इमेज लेटेस्ट टॅगने ओढू नका, एका मशीनवर कालची लेटेस्ट असते आणि दुसऱ्यावर आजची. डायजेस्टने, म्हणजे इमेजच्या नेमक्या हॅशने, ओढा.

एसएसएच, आरसिंक आणि थोडी शेल

मोठं सीआय टूल (टेस्ट आपोआप चालवणारं) लावण्याआधी एकदा हे हाताने करा, एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन आणि आरसिंकने फाईल पोचवणं. जेनकिन्स काय किंवा दुसरं काय, आत शेवटी हेच चालतं, आणि हाताने केलेलं असलं की तिथे बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळतं.

प्रत्येक मशीनवर टेस्टसाठी वेगळा यूजर करा, त्याला सूडो देऊ नका. एसएसएच कीजेनने ईडी२५५१९ की बनवा, एसएसएच कॉपी आयडीने पोचवा, आणि प्रत्येक मशीनवर एकदा हाताने लॉगिन करून फिंगरप्रिंट तपासून हो म्हणा. होस्ट की तपासणी बंद करायचा पर्याय सगळीकडे सुचवलेला दिसेल, करू नका, पाच मशीनना पाच वेळा हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो. स्क्रिप्टमध्ये बॅच मोड येस आणि कनेक्ट टाइमआउट १० द्या, म्हणजे पासवर्ड विचारत रात्रभर अडकून बसणार नाही.

मग कमांड नॉट फाउंड येईल. लॉगिन करून चालवलं की चालतं, एसएसएचला थेट कमांड दिली की नाही. कारण थेट कमांड देताना लॉगिन शेल नसतं, तुमच्या प्रोफाईल फाईलमधलं पाथ वाचलंच जात नाही. उपाय म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहायचा.

कोड पोचवायला आरसिंक डॅश एझेड आणि डॅश डॅश डिलीट, म्हणजे इकडे काढलेली फाईल तिकडेही जाते, जुन्या टेस्ट उरत नाहीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, नोड मॉड्यूल्स आणि कॅश एक्सक्लूड करा. गिट फोल्डर मात्र जाऊ द्या, नाहीतर वरची तपासणी तिकडे कमिट हॅश कुठून काढणार. सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश आहे की नाही याने अर्थ बदलतो, स्लॅश असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरच जातं, आणि डिलीट लावून हे चुकलं की भलत्याच ठिकाणची सफाई होते. पहिल्यांदा डॅश एनव्ही लावून कोरडी फेरी करा, काय काय उडणार ते वाचा, मगच खरं चालवा. एक्सडिस्टमध्ये स्वतःची आरसिंकची सोय आहे, डॅश डॅश टीएक्स देऊन एसएसएचने वर्करही उठवता येतात, पण ती आरसिंकची सोय ३.० पासून डिप्रिकेटेड आहे, नव्याने त्यावर काही उभं करू नका. त्यातला सॉकेट सर्व्हर तर उघड्या नेटवर्कवर ठेवूच नका, जो जोडेल त्याला त्या मशीनवर हवा तो कोड चालवता येतो. सेलेनियम ग्रिडचा (ब्राउझरच्या टेस्ट वाटणारं टूल) ४४४४ पोर्टही तसाच, बाहेर उघडा नको.

आता शेलच्या तीन खोड्या, तिन्हींनी मला फसवलंय.

मशीनची नावं फाईलमध्ये आणि व्हाईल रीड लूपमध्ये एसएसएच लिहिलं, तर पहिल्याच मशीनवर चालतं आणि लूप संपतो, कुठलाही एरर नाही. एसएसएच स्टँडर्ड इनपुट वाचतो, म्हणजे तुमची उरलेली यादी तोच गिळतो. एसएसएचला डॅश एन द्या.

सगळ्या मशीनवर एकाच वेळी चालवायला प्रत्येक कमांड बॅकग्राउंडला टाकता आणि शेवटी वेट लिहिता. नुसतं वेट कायम ० (म्हणजे सगळं ठीक) परत देतं, चारही मशीनवर टेस्ट पडल्या तरी तुमची स्क्रिप्ट हिरवी. प्रत्येक प्रोसेसचा पीआयडी जपा आणि एकेकावर वेगळं वेट करा. आमच्याकडे हे असं तीन आठवडे हिरवं चालू होतं, कुणाला पत्ता नाही.

तिसरी, आउटपुट टी या कमांडला (पडद्यावर आणि फाईलमध्ये दोन्हीकडे लिहिणारी) पाईप केलं की एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, टीचा येतो, टेस्टचा नाही. वर सेट डॅश ओ पाईपफेल लिहा.

एक्झिट कोड नुसता शून्य आहे की नाही असा बघू नका, त्यात बरीच माहिती असते. पायटेस्ट १ देतं तेव्हा टेस्ट पडल्यात, २ म्हणजे मध्येच थांबवलं, ३ म्हणजे पायटेस्टचाच आतला गोंधळ, ४ म्हणजे कमांड चुकली, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. २५५ आला तर तो एसएसएचचा, म्हणजे मशीनपर्यंत पोचलोच नाही किंवा मध्येच तुटलं. आणि टाइमआउट कमांड वापरली असेल तर वेळ संपल्यावर १२४. मशीन बंद असणं आणि टेस्ट पडणं या दोन बातम्या वेगळ्या रंगात दाखवा, नाहीतर लोक आठवड्याभरात लाल रंगाकडे बघायचे थांबतात.

टाइमआउट कमांड तिकडच्या मशीनवर लावा, इकडच्या नाही. तुम्ही इकडे कंट्रोल सी दाबलं तरी तिकडची प्रोसेस बऱ्याचदा चालूच राहते, आणि पुढच्या रनला पोर्ट अडवून बसते. म्हणून प्रत्येक रनच्या सुरुवातीला त्या टेस्ट यूजरच्या उरलेल्या प्रोसेस मारून टाका. वेगळा यूजर करा म्हटलं ते यासाठी पण, पीकिल डॅश यू ने एकदम मारता येतं, फक्त त्याच यूजरने जोडलेलं एसएसएचही त्यात तुटतं.

वाटणी कशी करायची

सगळ्यात सोपी वाटणी टेस्ट किंवा फाईल मोजून, अशा एकेका वाट्याला शार्ड म्हणतात. जेस्टमध्ये २८ पासून डॅश डॅश शार्ड इक्वल टू १/४ असं देता येतं, प्लेराइटमध्येही (ब्राउझर टेस्टचं टूल) तसंच, पायटेस्टला स्प्लिट नावाचं प्लगइन आहे, त्याला आधीचे वेळ दिले नाहीत तर तेही मोजूनच वाटतं. मोजून वाटलं की एका मशीनला हलक्या येतात आणि दुसऱ्याला सगळ्या जड, मग तिघी मोकळ्या बसतात आणि चौथी घाम गाळते. माझ्या २६ मिनिटांमागे हेही होतं.

मागच्या रनचे वेळ जपून ठेवा आणि त्यावर वाटा. पद्धत फार हुशार लागत नाही, सगळ्यात लांब टेस्ट फाईल आधी घ्या, ज्या मशीनवर आत्ता सगळ्यात कमी ओझं आहे तिला द्या, मग पुढची. रोनाल्ड ग्रॅहमने १९६९ मध्ये सिद्ध केलंय की असं केलं तर उत्तर सर्वोत्तमाच्या ४/३ पटीच्या आतच राहतं, टेस्टसाठी तेवढं खूप झालं. फाईल तोडू नका, एका फाईलमधल्या टेस्टचा सेटअप बऱ्याचदा सामायिक असतो. एक्सडिस्टमध्ये यासाठीच डॅश डॅश डिस्ट लोडफाईल आहे. मशीनचा वेग फारच वेगवेगळा असेल तर आधी वाटूच नका, एका रांगेत ठेवा, जो मोकळा होईल तो पुढची फाईल उचलेल, जुनं मशीन आपोआप कमी उचलतं.

वाटणीत काही गळलं नाही ना हे मोजा. मूळ मशीनवर कलेक्ट ओन्ली करून एकूण आकडा घ्या, शेवटी सगळ्या शार्डची बेरीज तेवढीच आली पाहिजे, एकही कमी असेल तर रन फेल. हा नियम नसेल तर एखादं मशीन गप्प पडल्यावर सूट जोरात आणि छान हिरवा चालतो.

निकाल एकत्र करणं

प्रत्येक शार्डला जेयुनिट एक्सएमएल काढायला सांगा, तो फॉरमॅट जवळजवळ सगळी टूल वाचतात. फाईलच्या नावात मशीनचं नाव आणि शार्ड नंबर टाका, नाहीतर गोळा करताना शेवटची फाईल आधीच्या सगळ्यांवर बसते. कव्हरेजसाठी (टेस्टनी किती कोड चालवला ते मोजणं) पायथनच्या कव्हरेजला पॅरलल मोड लावा आणि शेवटी कंबाइन, पण मशीनवर प्रोजेक्टचा पाथ वेगळा असेल तर तीच फाईल दोनदा मोजली जाते, कॉन्फिगमध्ये पाथ्स विभागात दोन्ही पाथ सारखे आहेत असं सांगावं लागतं. मी कंटाळून सगळीकडे एकच पाथ ठेवला, तेही चालतं. प्लेराइटमध्ये ब्लॉब रिपोर्टर लावून मर्ज रिपोर्ट्स करता येतं.

टेस्टच जेव्हा दोन मशीनवर पसरलेली असते

हे वेगळं प्रकरण. सर्व्हर एका मशीनवर, क्लायंट दुसऱ्यावर. इथे पहिली ठेच कायम एकच लागते, सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असतो, बाहेरून कुणाला दिसणार? टेस्ट नेटवर्कच्या पत्त्यावर बाइंड करा, फायरवॉलमध्ये तेवढाच पोर्ट तेवढ्याच मशीनना उघडा. सर्व्हर तयार झाला का बघायला स्लीप नको, हेल्थचा पत्ता दर अर्ध्या सेकंदाला विचारत राहा आणि ३० सेकंदांनी हार माना, हार मानताना सर्व्हरच्या लॉगच्या शेवटच्या ५० ओळी छापा.

हळू नेटवर्कवर काय होतं ते बघायचं असेल तर लिनक्सवर टीसी आणि नेटएम वापरून मुद्दाम १०० मिलिसेकंद उशीर किंवा १ टक्का पॅकेट गळती घालता येते. पण ते त्या इंटरफेसवरून जाणाऱ्या सगळ्यालाच लागतं, तुमच्या एसएसएचलाही. १०० टक्के गळती लावून बघू म्हटलं तर तुम्हीच बाहेर. लावायच्या आधी, पाच मिनिटांनी ते काढून टाकणारी कमांड बॅकग्राउंडला टाकून ठेवा.

कधी पास कधी फेल

मशीन वाढली की अशा टेस्ट वर येतातच. गूगलने २०१६ मध्ये लिहिलेलं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा लहरीपणा आहे, तेव्हा आपण कोण. पडली की परत चालवायचं प्लगइन आहे, मी ते लावते, पण दुसऱ्या वेळी पास झालेलीला हिरव्यात मोजत नाही, पिवळ्यात मोजते आणि यादी रोज सकाळी बघते. नुसतं तीनदा चालव आणि विसर असं केलं तर खरा रेस कंडिशनचा (दोन गोष्टींपैकी आधी कोण पोचतं यावर अवलंबून असलेला) बग त्यात लपून बसतो, आमच्याकडे एक असा लपलेला बग नंतर प्रॉडक्शनमध्ये भेटला.

अशी टेस्ट पकडायची तर ती ज्या परिस्थितीत पडली तीच परत उभी करता आली पाहिजे. म्हणून माझी स्क्रिप्ट प्रत्येक फेलखाली एक तयार ओळ छापते, त्यात मशीनचं नाव, कमिट, वर्कर आयडी, सीड आणि त्या वर्करवर तिच्या आधी चाललेल्या टेस्टची यादी असलेल्या फाईलचा पाथ असतो, ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकली की तोच क्रम त्याच मशीनवर परत चालतो. एवढं करून तिथे वीस वेळा पास झाली, तर त्या वेळी त्याच मशीनवर शेजारचे वर्कर काय चालवत होते त्यांच्या लॉगमधले टाइमस्टॅम्प उघडा. माझ्याकडे बहुतेक वेळा शेजारणीनेच डिस्क भरून टाकलेली असते.